घरपोच छाटणी सेवा: हात कसबी, सल्ला अपुरा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर असलेल्या एका रोपवाटिकेची घरी येऊन कुंड्यांतील झाडे छाटून देण्याची सेवा मी जूनच्या अखेरीस घेतली. समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन येत नाही; त्यामुळे मनीप्लांटची वेल दोन पानांत वीतभर अंतर सोडत पडद्याच्या दांडीपर्यंत पोहोचली होती आणि रबराचे झाड खालून उघडे पडून छताला टेकायला आले होते.

माळीकाकांनी आधी कात्रीची पाती स्पिरिटने पुसली. मनीप्लांटच्या पेरापाशी असलेला तपकिरी खुंट दाखवून ते म्हणाले, "ताई, मूळ इथूनच फुटतं." म्हणून काप पेराच्या थोडा खाली घ्यायचा, पेर नसलेले नुसते पान पाण्यात ठेवले तर ते पुष्कळ दिवस हिरवे राहते, पण त्याची वेल होत नाही. मी इतकी वर्षे नेमके तेच करीत आले होते.

रबराचा शेंडा मात्र त्यांनी लगेच उडवला नाही. खोडाची इंचभर साल गोलाकार काढून, पाझरणारा पांढरा चीक फडक्याने टिपून, त्यांनी तेथे ओले शेवाळ प्लास्टिकमध्ये घट्ट बांधले; यालाच गुटी बांधणे म्हणतात. सात आठवड्यांनी त्या गुटीत मुळे दिसू लागली, तेव्हा तिच्या खाली कापून शेंडा वेगळ्या कुंडीत लावला, आणि शेंड्याचा दाब गेल्याने जुन्या खोडावरचे दोन डोळेही फुटले. या दुसऱ्या खेपेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पहिल्या खेपेला अकरा कुंड्यांचे ७०० रुपये दिले होते.

जेड या जाड पानांच्या झाडाच्या बाबतीत घाई झाली. त्याच्या रसाळ फांद्यांचा काप काही दिवस सावलीत सुकवून मगच तो निचऱ्याच्या मातीत लावायचा असतो. येथे फांद्या त्याच दिवशी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचल्या आणि पावसाळी दमट हवेत पाचांपैकी चार बुडातून काळ्या पडून लिबलिबीत झाल्या. रोपवाटिकेत विचारले, तर "पाणी जास्त झालं असेल" एवढेच उत्तर मिळाले.

त्याहून मोठी उणीव म्हणजे झाडे उजेडासाठी ताणली जात आहेत, हे कोणीच सांगितले नाही. छाटलेला मनीप्लांट त्याच कोपऱ्यात पुन्हा लांबू लागल्यावर मी तो पूर्वेच्या खिडकीत हलवला. तेथे नवी पाने जवळजवळ येत आहेत. रबराच्या गुटीसाठी ही सेवा जरूर घ्यावी. मनीप्लांट आता मीच छाटते.