मालवण की नेत्राणी? सोलापूरहून सहकुटुंब स्नॉर्केलिंग

घरात दहाच्या आतली मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर मालवणच. सांगोला-मिरज-कोल्हापूरमार्गे घाट उतरायचा, रात्री मुक्काम, आणि सकाळी वारा उठायच्या आत डॉल्फिन पाहायला होडी. ऊन चढलं की लाटा वाढतात आणि पाण्यावर आलेली पाठ दिसेनाशी होते. होडीवाल्याला इंजिन मंद ठेवायला सांगा. पाठलाग केला की डॉल्फिन बुडी मारून लांब निघून जातात. स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात होतं, किनाऱ्यापासून होडीने थोडंच अंतर. उणीव एकच: पाणी बरेचदा गढूळ असतं.

नेत्राणी हे कर्नाटकातल्या मुर्डेश्वरसमोरचं बेट. तिथलं पाणी जास्त नितळ, मासेही जास्त. पण विजापूर-हुबळी करत मुर्डेश्वर गाठायचं आणि तिथून साधारण 19 किमी खुल्या समुद्रातून बोट. बोट लागणाऱ्यांचे हाल होतात. बेटाजवळ पाय टेकत नाहीत, म्हणून पोहता येणाऱ्या मोठ्यांनाच ते मानवतं.

दोन्हीकडे गडबड होते ती मास्कची. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढा; हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस किंवा मिशी आली की पाणी शिरतं, आणि पट्टा आवळून ते थांबत नाही. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क देऊच नका. नळीतून तोंडाने श्वास घ्यायची सवय आधी कमरेएवढ्या पाण्यात करून घ्या. प्रवाळावर मात्र कुणीही उभं राहायचं नाही, तो जिवंत असतो.

दोन्हीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. पावसाळ्यात होड्या बंद.