आयओडी दाखवून आमचं घर रिकामं करून घेतलं

ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत आणि घराची किल्ली अजून स्वतःच्या हातात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची किल्ली गेली. विलेपार्ले पूर्वेला जिथे आमची इमारत होती तिथे आज प्लिंथपर्यंतचं, म्हणजे जोत्यापर्यंतचं काँक्रीट आणि भोवती पत्रे आहेत. आई-बाबा अंधेरीला भाड्याने राहतात. ते भाडं बिल्डरने द्यायचं होतं, आता मी आणि माझा भाऊ भरतो.

इमारत सत्तरच्या दशकातली, तीन मजली, बिनलिफ्टची. स्लॅबचे पोपडे पडत होते, आईला जिने झेपत नव्हते. पुनर्विकास हवाच होता, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. आणि सगळं रीतसरच झालं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे प्रकल्प सल्लागार नेमला, निविदा मागवल्या. बिल्डर निवडायच्या सभेला सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी हजर होता, सभेचं चित्रीकरण झालं. लेखी संमती ५१ टक्क्यांची पुरते, आमच्याकडे त्याहून कितीतरी जास्त सभासदांनी दिली. एवढं सगळं पाहिल्यावर प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट बसली, की वर कुणीतरी लक्ष ठेवून आहे. बिल्डरने नेमका याच समजुतीचा फायदा घेतला.

एका रविवारी त्याने सभासदांना बोलावून आयओडी दाखवला. आयओडी म्हणजे नकाशांना अटींवर मंजुरी देणारं महापालिकेचं पत्र, खाली अटींची लांबलचक यादी. "काका, महापालिकेची मंजुरी आली, आता काळजी कसली?" असं तो बाबांना म्हणाला. आयओडी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. त्यातल्या अटी पुऱ्या झाल्यावर सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी मिळते, तीही आधी प्लिंथपर्यंत. प्लिंथ तपासून झाली की पुढच्या मजल्यांची. सीसी हातात आल्याशिवाय घर सोडू नका असं लोक सांगतात, पण जुनी इमारत पाडल्याशिवाय सीसी मिळत नाही हे बिल्डरचं म्हणणं बहुतेक ठिकाणी खरंच असतं. म्हणून घर सोडायच्या आधी बघायचा कागद सीसी नाही. आयओडीसोबत मंजूर झालेले नकाशे बघायचे. ते आम्हाला कधीच दिले नाहीत. भिंतीवर लावले ते रंगीत चित्रातले मजले.

करारात आमच्या घराला ६२० चौरस फूट कार्पेट लिहिलं होतं. मंजूर नकाशात ती खोली, तो हॉल, ते स्वयंपाकघर मोजलं तर ५४० भरतं. वरचा एक मजला तर नकाशात नाहीच. हे आम्हाला कळलं तेव्हा इमारत जमीनदोस्त झालेली होती.

कळलं कसं, तेही सांगते, कारण हे कुणालाही घरबसल्या करता येतं. विक्रीचे फ्लॅट विकायचे तर बिल्डरला महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्प नोंदवावा लागतो, आणि नोंदणीसाठी सीसी आणि मंजूर नकाशे तिथे चढवावे लागतात. प्लिंथपर्यंतची सीसी मिळताच याने नोंदणी केली. आम्हाला "आर्किटेक्टकडे आहेत, देतो" म्हणून जे नकाशे टाळले जात होते, ते महारेराच्या संकेतस्थळावर जगासाठी उघडे होते. त्याच पानावर प्रकल्पावरच्या बोज्याची नोंदही होती. विक्रीच्या हिश्श्यावर त्याने कर्ज काढलेलं होतं.

जाब विचारला तेव्हा उत्तर तयार होतं: हे सुरुवातीचे नकाशे आहेत, टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, लोड केला की सुधारित नकाशे मंजूर होतील, तुमचं क्षेत्र पूर्ण मिळेल. मुंबईत हे उत्तर इतक्या सोसायट्यांना दिलं जातं की ते खरं वाटतं, आणि कित्येकदा ते खरं असतंही. पार्ल्यात मात्र त्याला विमानतळ आडवा येतो. धावपट्टीच्या आसपासच्या भागात इमारतीची उंची विमानतळ प्राधिकरण ठरवतं, आणि त्यांच्या ना-हरकत दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. आपली जमीन समुद्रसपाटीहून जितकी उंच, तितके मीटर त्यातून वजा करायचे. सभेत पडद्यावर दाखवलेला आकडा वजाबाकीच्या आधीचा होता. टीडीआर कितीही विकत घेतला तरी तो चढवायला वर जागाच नव्हती. आपली विक्रीची घरं कमी होणार हे दिसताच त्याने आमची घरं कापून नकाशा केला, आणि तो महापालिकेकडून मंजूर करून घेतला. दाखल्याची तारीख आमच्या कराराच्या आधीची आहे. म्हणजे सही करताना त्याला हे माहीत होतं. याला मी गैरसमज म्हणणार नाही.

भाड्यासाठी बिल्डरने दिलेले पुढच्या तारखांचे चेक आधी वटत होते. मग एक परत आला, मग सगळेच.

आम्ही महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात गेलो. तिथले अभियंते उद्धट नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की मोकळी जागा, चटई क्षेत्र, अग्निशमन, भरलेली शुल्कं हे सगळं विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ प्रमाणे आम्ही तपासतो. सभासद आणि बिल्डर यांच्यात कोणत्या क्षेत्राचा करार झाला हे आमच्यासमोर येत नाही. नकाशा नियमात बसतो ना, मग तो मंजूर. उपनिबंधकांकडे गेलो. ते म्हणाले, निवडीची सभा नीट झाली की नाही एवढं आमचं काम, कराराचा वाद दिवाणी. महारेराकडे दाद मागायची तर तो कायदा मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी आहे, जुन्या सभासदांची तक्रार तिथे सहसा टिकत नाही असं वकिलांनी सांगितलं. एरवी अशा वेळी माणूस नगरसेवकाचं दार ठोठावतो, चार लोक घेऊन वॉर्ड ऑफिसला जातो. मुंबईत नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. आमचा सगळा प्रकार त्याच काळातला. माजी नगरसेवक फोन उचलत, सहानुभूती दाखवत, पण सभागृहच नसताना ते प्रश्न कुठे विचारणार?

प्रत्येक कार्यालय आपापला तुकडा तपासतं. करार आणि मंजूर नकाशा हे दोन कागद शेजारी ठेवून बघणारं टेबल या शहरात कुठेही नाही. मला याचा अतोनात राग येतो. हजारो कुटुंबं वयस्कर आई-वडिलांना घेऊन घराबाहेर पडत असताना एवढी साधी तपासणी महापालिकेला सक्तीची करता येणार नाही? आयओडी देताना सोसायटीचा नोंदणीकृत करार मागून घ्या आणि सभासदांच्या क्षेत्राचा तक्ता त्याच्याशी ताडून बघा. एका कारकुनाचं एका दुपारचं काम आहे.

गोरेगावच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं कशी अडकली हे आमच्यापैकी प्रत्येकाने वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. सभेत तो विषय निघाला तेव्हा सल्लागार म्हणाला, ती म्हाडाची जागा, आपली खासगी सोसायटी, आपल्याला तो धोका नाही. हा सल्लागार बिल्डरच्याच ओळखीतला निघाला. तो सोसायटीने नेमायचा असतो. त्याची फी कोण देतं हे आधी विचारा, बिल्डर देत असेल तर तो तुमचा सल्लागार नाही.

आणि बँक हमी. २०१९ च्या त्याच शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घ्यायला सांगितलेली आहे. आमच्या मसुद्यात ती अट वगळून तिच्या जागी कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर सोसायटीला देणार असलेल्या ठोक रकमेचा, थोडा हिस्सा आगाऊ देतो असं लिहिलं गेलं. न्यायालयांनी हे नियम मार्गदर्शक मानलेले आहेत, त्यामुळे अट गळली म्हणून करार रद्द होत नाही. हमी असती तर भाडं थांबलं त्या महिन्यात सोसायटी बँकेत गेली असती. प्रत्येक सभासदाशी स्वतंत्र नोंदणीकृत करार करायचा असतो, पर्यायी जागेचा. तो "ओसीच्या वेळी करू", म्हणजे इमारत पुरी होऊन राहायचा दाखला मिळेल तेव्हा, म्हणून ढकलला गेला. तुमचा बिल्डर असं म्हणाला तर किल्ली देऊ नका, मग तो किती का गोड बोलेना.

सध्या सोसायटीने ठराव करून बिल्डरचा करार रद्द केला आहे आणि प्रकरण लवादापुढे आहे. दुसरा बिल्डर आणायचा तर आधी जागेवरचा बोजा आणि विक्रीच्या फ्लॅटसाठी पैसे भरलेल्या लोकांचं काय, हे सुटायला हवं. तीही आमच्यासारखीच फसलेली माणसं आहेत. नव्या निविदेचा मसुदा या वेळी आम्ही सभासदांनीच बसून लिहिला. त्यात पहिलीच अट अशी: मंजूर नकाशाची महापालिकेच्या शिक्क्याची प्रत आणि विमानतळ प्राधिकरणाचा दाखला प्रत्येक सभासदाच्या नोंदणीकृत कराराला जोडलेला असेल, आणि त्यातलं क्षेत्र करारातल्या क्षेत्राइतकं नसेल तर निविदा बाद. कुणाला हा मसुदा आपल्या सोसायटीसाठी हवा असेल तर मी पाठवीन.