निळी अंगठी पास, लाल टॉप्स दुरुस्तीवर पास, हिरवं पेंडंट नापास

डाव्या टॉप्समधला लाल खडा निखळून शिलाई मशीनच्या पायदानाखाली गेला, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर बिनतक्रार चालणाऱ्या वस्तूवर लिहायला कोणाला वेळ असतो? खडा सापडला, त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही. पण टॉप्सची रिकामी वाटी उजेडात धरली आणि डोकं फिरलं. तळाशी चंदेरी कागद चिकटवलेला, त्याच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि वर पांढरट ओलसर थर. साबण, खोबरेल तेल आणि आमच्या बोअरचा क्षार. दर्यापूर तालुका म्हणजे खारपाणपट्टा; इथे नवीन बादलीलाही महिन्याभरात पांढरं कडं येते. ते पाणी रोज कानामागे जाणार आणि बंद वाटीत अडकून बसणार, हे दागिना घडवणाऱ्याला कळू नये?

तर वस्तू या: लॅबमध्ये बनवलेल्या माणकाचे टॉप्स, तशाच लॅबच्या नीलमची अंगठी आणि 'लॅब पन्ना' पेंडंट. तिन्ही ९२५ चांदीत, ऑनलाइन घेतलेले, सगळे मिळून साडेपाच हजारांच्या आत. बेन्टेक्सनं माझे कान चिघळतात, सोन्याचं नाव घ्यायची सोय राहिली नाही, आणि मी ब्लाउज शिवते, त्यामुळे साडीला खड्याचा रंग जुळलेला दिसला की मन राहत नाही. खाणीतले खडे घ्यायची ऐपत नाही आणि हौसही नाही.

वॉरंटीचं पुराण थोडक्यात सांगते. कार्डावर 'लाइफटाइम चमक वॉरंटी' छापलेलं. फोन केला तर म्हणे व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, स्वतःच्या खर्चानं कुरिअर करा. ते दर्यापूरला जाऊन करावं लागणार, म्हणजे भाडं वेगळं. तेही कबूल केलं, तेव्हा पोरगी म्हणते, "मॅडम, वॉरंटी चमकेवर आहे, खडा पडण्यावर नाही." मी म्हटलं, खडाच नाही तर चमक कशाची मोजता? फोन कट.

नवरा म्हणाला, "कायले डोकं लावून राहिली? फेविक्विक लाव अन् मोकळी हो." लावलं नाही ते बरं. त्या गोंदाची पांढरी वाफ खड्यावर बसते, आणि मागची घाण आतच राहते.

इथपर्यंतचं मूग तोडणीच्या वेळी लिहून ठेवलं होतं आणि रिव्ह्यूत एक तारा द्यायचं ठरवलं होतं. आता कापसाची वेचणी उरकत आली आहे. मधल्या काळात दर्यापूरच्या एका सोनाराकडे जाऊन आले, आणि एक तारा देणं आता जमणार नाही.

सोनारकाकांनी डोळ्याला भिंग लावलं, खडा चिमट्यात धरून फिरवला आणि माझ्याच हातात भिंग दिलं. खिडकीच्या उजेडात खडा तिरपा केला की आत केसासारख्या बारीक, गोलाईत वाकलेल्या रेषा दिसतात. हीच लॅबच्या माणकाची खूण. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड, रंगासाठी थोडं क्रोमियम, हे हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडतात. सुमारे २,०५० अंशांना ते वितळतं आणि थरावर थर साचत खालचा कांडा वाढतो. ते थरच अशा कमानी रेषांत दिसतात. फ्रान्सच्या ऑग्यूस्त वेर्नुईनं ही रीत १९०२ साली जगापुढे मांडली. खाणीतल्या माणकातल्या वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात, वाकत नाहीत. म्हणजे माझा खडा नकली नाही, फक्त खाणीतला नाही. माणिक आणि नीलम मुळात एकच खनिज, कुरुंद. क्रोमियमनं लाल, लोह आणि टायटॅनियमनं निळं. कठीणपणाच्या १ ते १० च्या मोहस मापात ९, त्या मापात वर फक्त हिरा. विळ्याला धार लावणाऱ्याच्या चाकातही बहुतेक वेळा हेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं.

काका म्हणाले, "बाई, तुमच्या सासऱ्याच्या घड्याळात पण हेच हाय." घरी येऊन पाहिलं. मामंजींच्या जुन्या एच.एम.टी.च्या डायलवर '१७ ज्युवेल्स' लिहिलेलं. चाकांचे आस ज्या बारीक लाल खड्यांत फिरतात, ते लॅबचेच माणिक. मामंजींना सांगितलं, तर आता आल्यागेल्याला घड्याळ दाखवून "सतरा माणकं हायत" म्हणतात.

काकांनी दोन्ही टॉप्समधले कागद काढून फेकले, मागच्या पत्र्याला गोल भोक पाडलं, खडे पुन्हा बसवून वरची कड दाबून घेतली. मजुरी घेतली ती त्या कुरिअरच्या खर्चापेक्षा कमीच. आता खड्यातून उजेड आरपार जातो, आणि जो लाल रंग मला सहा महिने विटकरी वाटत होता तो जास्वंदीसारखा उघडला. खडा कधीच फिका पडला नव्हता, त्याच्या पाठीचं दार बंद होतं. तेव्हापासून मला नादच लागला आहे. लग्नात बाया समोरून हार पाहतात, मी उलटा करून पाहते. मागच्या आठवड्यात एका विहीणबाईंची अंगठी पालथी केली, त्यांना ते आवडलं नाही.

हिरव्या पेंडंटबद्दल मात्र जीभ आवरत नाही. काकांनी भिंगाखाली धरलं आणि एका शब्दात निकाल दिला: काच. पैलूंच्या धारा सहा महिन्यांतच गोल झाल्या होत्या. काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास, आणि आपल्या धुळीत जी वाळू असते ती ७ ची. पदरानं कोरडं पुसलं की घासणार म्हणजे घासणारच. खरा लॅब पन्ना ७.५ ते ८ चा असतो. तो ज्योतीत काही तासांत होत नाही, गरम द्रावणात किंवा वितळलेल्या रसायनात आठवडे, कधी महिने वाढवावा लागतो, म्हणून लॅबच्या माणकापेक्षा बराच महाग पडतो. 'लॅब पन्ना' स्वस्तात मिळाला तर तो पन्ना नाही, एवढं धरून चाला. वर मी तिन्ही दागिने एकाच डबीत ठेवत होते, म्हणजे माणिक आणि नीलम दोघं मिळून बिचाऱ्या काचेला ओरबाडत होते. आता ब्लाउजपीसच्या चिंध्यांच्या वेगवेगळ्या पोटल्या शिवल्या आहेत.

अंगठी मागून उघडी, चार नख्यांत बसवलेली. सहा महिन्यांत खड्यानं काहीही त्रास दिला नाही. कणीक मळा, भांडी घासा, वर पाणी टाका, पुन्हा तसाच. दोन कुरकुरी आहेत. वेचणीला घालून गेले तर प्रत्येक बोंडाचा धागा नख्यांत अडकतो. संध्याकाळी सुईनं कापूस काढत बसावं लागतं आणि त्या ओढाताणीत एक नखी वर आली. वावरात जाणाऱ्या बाईनं नख्या घेऊच नये. चारी बाजूंनी चांदीची पट्टी आणि मागून उघडं, असंच कोंदण मागावं. दुसरं, निळा रंग फार गडद निवडला. फोनवर राजबिंडा दिसला, रात्री घरच्या एलईडीत काळा दिसतो. निळा घ्यायचा तर मनाला वाटेल त्याहून एक छटा फिका घ्या, आणि दुपारी सावलीत धरून पाहा.

(शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "नीलम शनीचा खडा असते, पाहून घालजो बाई." पण गावातले जोशीबुवा म्हणाले, लॅबच्या खड्याला ग्रह लागू होत नाही. मग काकूंनी स्वतःसाठी किंमत विचारली.)

चांदी काळी पडते ही तक्रार सगळ्यांचीच, पण आमच्याकडे तिला हंगाम आहे. मुगावर भुरी आली की पाण्यात मिसळणारं गंधक फवारतात. फवारणीचे कपडे मी धुते, आणि त्या आठवड्यात अंगठी काळवंडली. चांदी आणि गंधक भेटले की सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसणारच. रोडियम पॉलिशवाली चांदी घेतली तर पॉलिश झिजेपर्यंत हा ताप नाही. माझ्या अंगठीला पॉलिश नाही, म्हणून भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल, चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी. अंगठी फॉइलला टेकवून ठेवली की काळेपणा बराच उतरतो. गोंदानं चिकटवलेल्या किंवा कागद लावलेल्या दागिन्याला हे चुकूनही करू नका. राख, रांगोळी, दातांची पावडर तर नकोच. खडा सोसेल, चांदी घासून जाईल.

रोजची निगा म्हणाल तर रिठ्याचं कोमट पाणी, पोरांचा मऊ ब्रश, पाठीमागून घासायचं आणि शेवटी आरओच्या पाण्यानं विसळायचं. बोअरच्या पाण्यानं विसळलं की मेहनत वाया. तेल आणि पावडर आधी, दागिना नंतर.

नणंदेला लग्नसराईसाठी जांभळा सेट हवा आहे. तिला म्हटलं, दुकानाकडून आधी मागच्या बाजूचा फोटो माग. त्यांनी समोरून चार फोटो पाठवले, एक मॉडेलच्या गळ्यात घातलेला. पुन्हा मागितला, तर डब्याचा पाठवला. ऑर्डर केली नाही.