लोकप्रशासनात पीएच.डी. करायची ठरवताय? हूड, मुरलीधरन आणि ऑस्ट्रॉम यांच्या तीन वाटा

स्पर्धा परीक्षेत काही वर्षं घालवून मग लोकप्रशासनात पीएच.डी. करू पाहणारे बरेच जण भेटतात. 'पेट' म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा झालेली असते, गाईड मिळायचे असतात, आणि कागदावर विषय लिहिलेला असतो: पंचायत राज व्यवस्थेतील अमुक, तमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात. विषय वाईट नसतो. पण त्याच्या आधी ठरवायला हवं ते वेगळंच आहे. पुढची पाच-सहा वर्षं पुरावा कुठून आणणार? सरकारच्या कागदांतून, प्रयोग करून, की काही ठिकाणं शेजारीशेजारी ठेवून? विषय पुढे बदलता येतो. पुरावा गोळा करायची पद्धत मात्र एकदा अंगवळणी पडली की सहसा जन्मभर सुटत नाही. म्हणून तीन संशोधकांची कारकीर्द समोर ठेवतो. तिघांनीही सरकार सुधारतं कसं, हाच प्रश्न धरला, पण वाटा तीन दिशांच्या.

कागदांची वाट: क्रिस्टोफर हूड

हूड हे ब्रिटिश अभ्यासक. स्पर्धा परीक्षेला ऐच्छिक विषय लोकप्रशासन घेतलेल्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत असतं. 1991 च्या लेखात त्यांनी 'न्यू पब्लिक मॅनेजमेंट' म्हणजे नवलोकव्यवस्थापनाची (सरकार खासगी कंपनीच्या धर्तीवर चालवण्याच्या विचाराची) सात तत्त्वं मांडली आणि ती आपल्याकडे नोट्समध्ये पाठ केली जातात. गंमत म्हणजे नोट्समध्ये हूड या विचाराचे पुरस्कर्ते वाटतात. मूळ लेखाचा सूर शंकेखोर आहे. सरकारी कामाकडून तीन प्रकारच्या अपेक्षा असतात, असं ते म्हणतात: काटकसर, न्याय्य वागणूक, आणि संकटातही कोलमडू नये इतकी मजबुती. नव्या व्यवस्थापनाचा सगळा भर पहिल्या अपेक्षेवर आहे. मग उरलेल्या दोन्हींचं काय, हा त्यांचा प्रश्न. तुम्ही पीएच.डी.ला येणार असाल तर नोट्स बाजूला ठेवून तो लेख एकदा मुळातून वाचाच.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्रश्न विचारून हूड थांबले नाहीत. 24 वर्षांनी, 2015 मध्ये, रूथ डिक्सन यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटनच्या केंद्र सरकारची तीन दशकं तपासली. सुधारणांनी सरकार स्वस्त आणि चांगलं झालं का? उत्तर असं निघालं की कर्मचारी कमी झाले तरी कारभार चालवण्याचा खर्च वाढला, आणि नागरिकांच्या तक्रारी व कोर्टातली आव्हानंही वाढली. खर्च थोडा जास्त, काम थोडं खालावलेलं. साधन काय होतं? वार्षिक अहवाल, अंदाजपत्रकं, तक्रारींचे आकडे. सगळा छापील माल. सगळ्यात मोठी अडचण आली ती व्याख्यांची. खात्यांनी 'प्रशासकीय खर्च' कशाला म्हणायचं हे इतक्यांदा बदललं होतं की सलग आकडेवारी जुळवणं हेच मुख्य काम होऊन बसलं. सुधारणा जोरात असतात तेव्हाच सुधारणा मोजायची पट्टीही बदलते. हा शोध मला निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात ही वाट जवळजवळ मोकळी पडलेली आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी, फाईलचा प्रवास आणि अभिलेखांची व्यवस्था बदलली. 'लखिना पॅटर्न' हा शब्द आजही महसूल खात्यात बोलला जातो. पण तो पॅटर्न कुठे रुजला, कुठे बदली होताच विरला, याचा कागदोपत्री इतिहास हा एका प्रबंधाचा ऐवज आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाचंही तसंच. पदनिर्देशित अधिकारी, मुदत, अपिलं, 500 ते 5000 रुपये शास्ती, सगळं कायद्यात आहे. अर्ज दिलेल्या तारखेपासून मुदत धरली जाते की 'त्रुटी पूर्तता' झाल्याच्या तारखेपासून, हे एका तहसील कार्यालयाच्या नोंदवहीत बसून पाहिलं तर अर्धा प्रबंध तिथेच उभा राहील.

या वाटेवर एक गोष्ट आधी तपासा, नाहीतर पश्चात्ताप होतो. सरकारी अभिलेखांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. 'अ' कायम जपायचे, 'ड' लवकर नष्ट करायचे. तुमचा प्रश्न 'ड' वर्गातल्या पत्रव्यवहारावर उभा असेल तर अभिलेख कक्षात गेल्यावर रिकामा रॅक दिसेल. दुसरी गोष्ट माहिती अधिकाराची. 10 रुपयांच्या अर्जात "गेल्या दहा वर्षांची तालुकानिहाय माहिती तक्त्यात द्यावी" असं लिहिलंत तर "माहिती मागितलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही" हे उत्तर जवळपास ठरलेलं आहे. त्यापेक्षा अभिलेखांचं अवलोकन मागा. कायद्यात ती सोय आहे. फाईल हातात आली की टिपणीच्या समासातले शेरे दिसतात, आणि निर्णय खरा कसा झाला ते तिथेच कळतं.

प्रयोगाची वाट: कार्तिक मुरलीधरन

ही वाट सध्या सगळ्यात झगमगीत आहे, आणि तिचं कौतुक रास्तही आहे. मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात बायोमेट्रिक स्मार्टकार्डांचा अभ्यास केला. रोजगार हमीची मजुरी आणि निवृत्तिवेतन गावातच, अंगठा लावून द्यायचं होतं. 8 जिल्ह्यांतल्या 157 मंडलांमध्ये (तिथले तालुक्यासारखे विभाग) कुठे आधी आणि कुठे नंतर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. सुमारे 1 कोटी 90 लाख लोकवस्तीचा भाग. दोन वर्षांनंतरही जेमतेम निम्मे व्यवहार नव्या पद्धतीवर आले होते, तरी पैसे लवकर मिळाले, गळती कमी झाली, आणि मजुरांचा जो वेळ वाचला त्याची किंमतच सरकारच्या खर्चाहून जास्त भरली. आपल्याकडच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यातून पुढे देशभराची योजना उभी राहिली, त्यामुळे मराठी वाचकाला हा अभ्यास घरचा वाटावा.

पण त्याच तिघांनी नंतर झारखंडमध्ये रेशनवर आधार पडताळणी तपासली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. नुसत्या पडताळणीने गळतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि ज्यांचं रेशनकार्ड आधारशी जोडलेलं नव्हतं त्यांचं धान्य मात्र घटलं. अंगठाच, पण एका राज्यात दिलासा, दुसऱ्यात तोटा. दोन्ही निकाल त्यांनी तितक्याच ठामपणे छापले, म्हणून मला ही कारकीर्द आदराची वाटते.

तुमच्यासाठी अडचण अशी की हे काम एकट्याचं नाही. राज्य सरकारने 'कुठे आधी, कुठे नंतर' हे संशोधकांच्या हाती द्यावं लागतं. पाहणीला मोठी फौज लागते, अनुदान लागतं, संख्याशास्त्र पक्कं लागतं. मधेच सचिव बदलला की पुन्हा पहिल्यापासून चर्चा. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या दरमहा 37,000 रुपयांत हा डोलारा उभा राहत नाही. अर्थशास्त्राची बैठक असेल आणि एखाद्या मोठ्या चमूत शिरता येत असेल तरच इकडे वळा. तसं असेल तर मात्र मागे हटू नका, कारण धोरण बदलायची ताकद सगळ्यात लवकर इथेच मिळते.

ठिकाणं शेजारी ठेवण्याची वाट: एलिनॉर ऑस्ट्रॉम

अमेरिकेतल्या ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश नाकारला गेला, गणित कमी पडतं म्हणून. 1965 मध्ये त्यांनी राज्यशास्त्रात पीएच.डी. घेतली, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलाच्या वाटणीवर. 2009 मध्ये नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचंच. गणित येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मला त्यांचं जवळचं वाटतं ते पोलिसांवरचं काम. 1970 च्या आसपास अमेरिकेत बहुतेक तज्ज्ञ म्हणत होते की छोटी पोलिस दलं एकत्र करा, कारभार सुधारेल. ऑस्ट्रॉम यांनी विद्यार्थ्यांना घेऊन इंडियानापोलिस शहरातल्या वस्त्या आणि लगतच्या, स्वतःचं छोटं दल असलेल्या तशाच वस्त्या निवडल्या आणि घरोघर विचारलं: पोलिस किती वेळात येतात, गुन्हा नोंदवला का, भरवसा वाटतो का. छोटी दलं मागे पडली नाहीत, उलट बऱ्याच बाबतींत सरस ठरली. नुसत्या लोकांच्या मतावर भिस्त नको म्हणून त्यांच्या गटाने पुढे रस्त्यांवरच्या दिव्यांचा उजेडसुद्धा मीटरने मोजला. अनुदान मोठं नव्हतं. निवड नेमकी होती.

महाराष्ट्रात 34 जिल्हा परिषदा आहेत, एकाच कायद्याखाली, एकाच नमुन्यांत कागद भरणाऱ्या. सीमेवरची दोन गावं घ्या, जिल्हा वेगळा पण पीक, पाऊस, बाजार एकच, आणि पाणीपट्टी वसुली एकीकडे होते, दुसरीकडे का होत नाही ते पाहा. एका तालुक्याच्या 'विशेष संदर्भात' केलेल्या अभ्यासापेक्षा ही जोडी कितीतरी जास्त सांगेल.

कोणी कोणती निवडावी

पूर्णवेळ शिष्यवृत्तीवर असाल, मराठी कागद वाचायची सवय असेल, तर मी निःसंकोच हूड यांची वाट सुचवेन, आणि त्यात ऑस्ट्रॉम यांच्यासारखी दोन कार्यालयांची तुलना घाला. मराठीत शासन निर्णय, टिपण्या, इतिवृत्तं यांचा ढीग आहे, आणि बाहेरच्या संशोधकाला तो वाचता येत नाही. ही तुमची खरी जमेची बाजू आहे. नोकरीच्या दृष्टीने प्रयोगवाल्यांना संशोधन संस्था आणि सल्लागार कंपन्या लवकर बोलावतात. कागदवाल्यांना बहुतेक विद्यापीठ, महाविद्यालय किंवा प्रशिक्षण संस्था. हा फरक घरी आधीच मोकळेपणाने सांगून टाका.

सेवेत असलेल्यांसाठी थोडं वेगळं. 2022 च्या यूजीसी नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. पण संशोधन स्वतःच्या कार्यालयावर करू नका. हाताखालचे लोक खरं बोलणार नाहीत, वरिष्ठ मसुदा मागतील. शेजारच्या खात्याची फाईल निवडा: महसुलातले असाल तर ग्रामविकासाची, ग्रामविकासातले असाल तर सहकाराची. नोंदवही कशी वाचायची हे तुम्हाला येतंच. आणि ना-हरकत पत्र मागण्याच्या आधी त्या खात्याच्या अभिलेखपालाला भेटून या, कुठल्या वर्षापासूनचे दप्तर शिल्लक आहे ते विचारा, मगच विषयाचं शीर्षक लिहा.