आकडा अडीचशेचा, करंट सव्वाशेचाही नाही

वेल्डिंग मशीन विकणारा ‘२५० अँपियर’ आणि ‘घरच्या साध्या प्लगवर चालेल’ ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलला, तर त्यातलं एक खोटं आहे. हे कळायला मशीन उघडावं लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. हाताच्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंडाच्या मधल्या ठिणगीचं, व्होल्टेज किती धरायचं याचं ठरलेलं सूत्र आहे: २० अधिक अँपियरच्या ०.०४ पट. म्हणजे २५० अँपियरला ३० व्होल्ट. गुणाकार केला की ७,५०० वॉट. घरात येतात २३० व्होल्ट, तेव्हा मशीनमध्ये काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी ३२ अँपियरहून जास्त ओढले जाणार. प्रत्यक्षात थोडं वाया जातंच, म्हणजे त्याहूनही जास्त. आणि आपला मोठा प्लग असतो १६ अँपियरचा.

मी इंदूरला रामबागेत राहतो. घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे बरीच वर्षं हौसेनं लोखंडाचं काम करतो. कुंड्यांचे स्टँड, जिन्याचे कठडे, शेजाऱ्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन उत्तम होतं, पण ते हलवायला दोन माणसं लागायची. म्हणून हलकं, इलेक्ट्रॉनिक सर्किटवालं इन्व्हर्टर मशीन घ्यायचं ठरवलं. शेडला २५ अँपियरची वेगळी लाइन आहे. माझं बहुतेक काम ३.१५ मिलिमीटर जाडीच्या, ६०१३ जातीच्या रॉडचं, त्याला साधारण ९० ते १३० अँपियर लागतात. तेवढे खात्रीनं मिळावेत आणि मशीनला वर थोडी जागा राहावी, एवढीच अपेक्षा होती.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. सियागंजातले कित्येक दुकानदार मला वर्षानुवर्षं चोख माल देत आलेत, त्यामुळे सगळ्या बाजारावर मी बोट ठेवणार नाही. पण या माणसानं जे केलं ते ठरवून केलं होतं, आणि कसं केलं ते नीट सांगतो.

दुकानात ट्रायल मागितली. त्यानं लगेच मशीन लावलं, नॉब फिरवला, आकडा झळकला आणि २.५ चा रॉड घेऊन दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपवर सुंदर टाका मारून दाखवला. “भिया, मक्खन चलती है. घर के प्लग पे लगाओ, ढाई सौ अँपियर है.” २.५ चा रॉड ७०-८० अँपियरवरही लोण्यासारखाच चालतो, त्यातून मोठ्या करंटबद्दल काहीच कळत नाही. म्हणून मी ३.१५ किंवा ४ चा रॉड आणि जाड पट्टी मागितली. वेल्डिंगचंच सामान विकणाऱ्या दुकानात ‘जाड रॉड आत्ताच संपले’ हे उत्तर मिळालं. घरच्या प्लगची गोष्ट पटत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, नवी टेक्नॉलॉजी आहे, कमी विजेत जास्त करंट काढते. मी बिलावर हातानं ‘२५० अँपियर’ लिहून, मशीनवरचा नंबर टाकून शिक्का मारायला लावला. पक्कं बिल द्यायला तो कुरकुरला, पण दिलं. साडेआठ हजार मोजले.

भाचीच्या घरी ओसरीत लोखंडी झोपाळा लावायचा होता, त्याच्या कड्यांचं काम याच मशीनवर घेतलं. सहा मिलिमीटरची पट्टी, ३.१५ चा रॉड. आकडा १२५ वर ठेवला तर रॉड चिकटतच राहिला. १७० वर नेल्यावर आर्क टिकला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, रॉड ओले असतील, उन्हात टाका. मग म्हणाला, तुमच्याकडे व्होल्टेज कमी येत असेल. मग म्हणाला, अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेला असेल. मी प्रत्येक गोष्ट तपासली. काम चालू असताना प्लगपाशी मीटर लावला, २२८ व्होल्ट होते. क्लॅम्प घासून चकचकीत केला. रॉडचं पाकीट नवं फोडलं, त्यावरच्या आयएसआय शिक्क्याचा सीएम/एल (लायसन्स) नंबर बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर टाकून पाहिला, लायसन्स खरं निघालं. तो मात्र दर वेळी दोष माझ्या घरात शोधत राहिला. तुमच्याशी कोणी असं बोलू लागलं तर ओळखा.

टाके दिसायला छान होते. खपली एका फटक्यात सुटत होती, लाटा एकसारख्या होत्या. मी वजन तोलणारं कुठलंही काम तपासल्याशिवाय देत नाही, म्हणून शेडमध्ये कड्यांना सिमेंटच्या चार गोण्या लटकवून रात्रभर ठेवल्या. सकाळी एक कडी पट्टीपासून उकललेली होती. मोडली नव्हती, सोललेली होती. टाक्याच्या खाली ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे दिसत होते! धातू त्या पृष्ठभागात वितळून शिरलाच नव्हता, वर नुसता बसला होता. करंट कमी पडला की असंच होतं, आणि वरून ते कुणालाही दिसत नाही. त्या झोपाळ्यावर भाचीची दोन मुलं बसणार होती. साडेआठ हजारांचं मला काही वाटलं नसतं. पण त्या ओरखड्यांकडे पाहून जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

करंट मोजायला डीसी मोजणारा टोंग टेस्टर लागतो. इलेक्ट्रिशियनकडे सहसा असतो तो फक्त एसी मोजतो, आणि या मशीनमधून डीसी बाहेर येतो, तेव्हा साध्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका. सांवेर रोडच्या कारखान्यात काम करणाऱ्या मित्रानं योग्य तो मीटर आणला. मी काच घालून रॉड चालवला, त्यानं वायरीभोवती मीटर धरून आकडे वाचले. मशीनवर १७० दिसत होते तेव्हा मीटरवर ८० च्या आसपास. नॉब शेवटपर्यंत फिरवून २५० केले तेव्हा ११५ ते १२०. म्हणजे तो लाल आकडा नॉबची जागा दाखवतो, करंट नव्हे. आकडे दाखवणारी पट्टी हवी तशी लावून घेता येते.

मग मशीन दुरुस्तीवाल्याकडे नेलं. कंपनीचं म्हणून जे स्टिकर होतं त्याच्या खाली दुसरं स्टिकर होतं, त्यावर १२० लिहिलेलं. नव्या रंगाच्या मोठ्या डब्यात छोटं मशीन घातलेलं. सोबत आलेली वायर तांब्याची म्हणून दिली होती. ब्लेडनं एक तार खरवडली तर आतून पांढरी, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं, म्हणून ती वायर तापायची. वजनावरूनही हे कळतं: तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड असतं.

खऱ्या मशीनच्या मागच्या माहितीच्या पट्टीवर काय असतं ते सांगतो, कारण दुकानात उभ्या उभ्या हेच वाचता येतं. नुसता मोठा आकडा पुरत नाही. किती टक्के ड्यूटी सायकलला किती अँपियर, तेव्हा किती व्होल्ट आणि भिंतीतून जास्तीत जास्त किती अँपियर ओढणार, हे तिन्ही हवेत. ड्यूटी सायकल दहा मिनिटांची धरतात, ४० अंश तापमानाला. ६० टक्के म्हणजे दहातली सहा मिनिटं आर्क. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० च्या वरच असतं, तेव्हा त्याहून कमीच धरा. माझ्या मशीनच्या पट्टीवर भिंतीतून ओढायच्या करंटची जागा कोरी होती. बाकीचं सगळं ठळक छापलेलं.

दुकानदारानं आधी ‘दुसरा पीस घेऊन जा’ म्हटलं. मी म्हटलं, मीटर लावून द्या. मीटर लावायला तो तयार झाला नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विचारणा गेल्यावर तो अर्धे पैसे देतो म्हणाला, अट एकच, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही, आणि खरेदीत फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करता येतो. बिलावरचा हातानं लिहिलेला ‘२५० अँपियर’ आणि शिक्का, मीटरचा व्हिडिओ, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि उकललेली कडी, एवढं जोडलं आहे. बिलावर नुसतं ‘वेल्डिंग मशीन १ नग’ असतं तर तो सरळ म्हणाला असता की मी १२० चंच विकलं.

कड्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर पुन्हा केल्या. जुना टाका ग्राइंडरनं पूर्ण काढला, पट्टीच्या कडेला उतार दिला, मग भरला, आणि पुन्हा गोण्या लटकवून पाहिल्या. झोपाळा आता भाचीकडे लागला आहे.

ज्यांनी असं स्वस्त ‘२५०’ वालं मशीन घेऊन त्यावर झोपाळा, पाळणा, पाण्याच्या टाकीचा स्टँड किंवा गच्चीचा कठडा केला असेल, त्यांनी ते काम आधी तपासा. पैशांचं नंतर बघा. त्याच पट्टीच्या एका तुकड्यावर दुसरा उभा धरून त्याच आकड्याला एकाच बाजूनं टाका मारा, शिकंज्यात धरा आणि उभा तुकडा हातोड्यानं टाक्याच्या बाजूला झुकेल असा वाकवा. सोलून निघाला आणि खाली ओरखडे दिसले, तर त्या मशीनवरचं एकही काम वजनाखाली ठेवू नका. रामबाग-नारायण बागेकडे कुणाला करंट मोजून हवा असेल तर मित्राचा मीटर मी मागून आणीन. येताना मशीन, ३.१५ चे रॉड आणि सहा मिलिमीटरची पट्टी तेवढी आणा.