ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएस) प्रोजेक्टला एक्सव्ही६ की लिनक्स?

पवईचं कॉलेज असो की माटुंग्याचं, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हा वाद ठरलेला.

एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम अमेरिकेतल्या एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठीच लिहिली, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीवर बेतून. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दहा हजार ओळींच्या आतला. बोरिवली-चर्चगेट स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं (मिळालं तर!) की शेड्युलर (कोणता प्रोग्रॅम कधी चालवायचा ते ठरवणारा कोड) वाचून होतो. नवा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची वाट) घालायचा तर चार-पाच फायलींत बदल करायचे आणि क्यूईएमयूवर (कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालवायचं; कोसळलं तर काही सेकंदांत पुन्हा सुरू. पेज टेबल (मेमरीचा नकाशा), ट्रॅप (प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये उडी), कॉन्टेक्स्ट स्विच (एक प्रोग्रॅम थांबवून दुसरा चालवणं) कुठे घडतो, ते बोट ठेवून दाखवता येतं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तेच लागतं.

लिनक्स ही प्रत्यक्ष वापरातली ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यात कोट्यवधी ओळी. छोटं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) लिहिलं तरी ते खऱ्या मशीनवर चालतं, मुलाखतीतही नाव ओळखीचं. पण शेड्युलरला हात घालायचा म्हटलं की बराच वेळ नुसता कोड शोधण्यात जातो. जुन्या लॅपटॉपवर कर्नल कंपाइलला लावून वडापाव खाऊन या, तरी चालूच.

मी पहिल्यांदा एक्सव्ही६च घ्यायला सांगेन. पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारी गोष्ट) कच्चे असतील तर दुसरा विचारच नको. लिनक्सचं मॉड्यूल सुट्टीत करा, तेही व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आतल्या नकली कॉम्प्युटरवर). एका चुकीच्या पॉइंटरने अख्खा लॅपटॉप अडकू शकतो.