दोन सेलच्या टॉर्चमधील १८६५० सेल : काही महिन्यांच्या वापरानंतर

सह्याद्रीतील रात्रीच्या चढाईसाठी मी दोन सेल एकामागे एक बसणारी प्रखर टॉर्च घेतली आणि तिच्यासाठी सॅमसंगचे ३०क्यू हे १८६५० आकाराचे (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी) पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल निवडले. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत ते वापरल्यावर माझे मत ठाम झाले आहे : सेल घेताना सगळे आधी मिलिॲम्पियर-तासांचा, म्हणजे साठवणक्षमतेचा, आकडा पाहतात, पण पहिला प्रश्न सेल सतत किती ॲम्पियर प्रवाह देऊ शकतो, हा असायला हवा.

माझी टॉर्च सर्वांत प्रखर टप्प्यावर ८ ते १० ॲम्पियर ओढते. पॅनासॉनिकच्या एनसीआर१८६५०बी या सेलची क्षमता सुमारे ३४०० मिलिॲम्पियर-तास, म्हणजे माझ्या सेलपेक्षा जास्त आहे. परंतु त्याची सतत प्रवाहाची मर्यादा ५ ते ७ ॲम्पियरच्या आसपास असल्यामुळे अशा टॉर्चमध्ये तो तापेल, त्याचा व्होल्टेज खाली बसेल आणि वाढीव क्षमतेचा उपयोग होणार नाही. ३०क्यूची क्षमता ३००० आणि मर्यादा १५ ॲम्पियर आहे. सॅमसंगचाच २५आर हा २५०० क्षमतेचा सेल २० ॲम्पियरपर्यंत जातो. जास्त प्रवाह देणारे हे सेल जगभर ई-सिगारेटमुळेही घरोघरी पोहोचले. भारतात २०१९ च्या कायद्याने त्या उपकरणांवर बंदी असली, तरी सेल निवडण्याचे शास्त्र टॉर्चसाठीही तेच आहे.

खरेदी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केली. तिथे ९९०० मिलिॲम्पियर-तास असे छापलेले सेलही सहज दिसतात, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५००च्या आसपासच थांबते. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो; बनावट सेल बहुधा त्याहून पुष्कळ हलका असतो. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर हे तपासता येते, आणि ज्या दुकानदाराला सेल तोलून पाहिलेला चालत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

दोन सेल एका मालिकेत असतात तेव्हा ते जोडीनेच वापरावे लागतात. मी दोन्हींवर मार्करने एकच खूण केली आहे. ते एकत्र चार्ज होतात, एकत्र वापरले जातात, आणि त्यांतला एकही दुसऱ्या उपकरणात जात नाही. एक सेल दुसऱ्यापेक्षा कमकुवत झाला, तर टॉर्च चालू असताना तो आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो आणि रिकाम्या सेलचा व्होल्टेज धोकादायक पातळीखाली जातो. म्हणून प्रत्येक ट्रेकनंतर मल्टिमीटरने दोन्हींचा व्होल्टेज मोजतो. आजवर त्यांच्यातील फरक नगण्य राहिला आहे. पूर्ण चार्ज ४.२ व्होल्टला होतो. सेलचा चार्ज उतरताना मी ३.२ व्होल्टच्या आसपास वापर थांबवतो, आणि बरेच दिवस वापर नसेल तर ३.७ व्होल्टला ठेवून देतो, कारण पूर्ण भरलेला सेल मुंबईच्या उकाड्यात पडून राहिला तर लवकर म्हातारा होतो.

सर्वांत जास्त लक्ष मी प्लास्टिकच्या आवरणाकडे देतो. सेलचा संपूर्ण पत्रा ऋण टोकाशी जोडलेला असतो आणि वरच्या धन टोकाभोवती तो अगदी जवळ येतो. तिथे आवरणाला चीर पडली किंवा आवरणाखालची कागदी चकती फाटली, तर धातूचा एक स्पर्श शॉर्ट सर्किटला पुरेसा असतो. सॅकमध्ये किल्ल्या आणि नाणी असतात, त्यामुळे सुटे सेल प्लास्टिकच्या डबीतच न्यावेत. विमानप्रवासातही ते हातातल्या सामानातच ठेवावे लागतात. आवरण बदलून मिळते आणि ते स्वस्त असते. ते टाळण्यात काहीच शहाणपण नाही.

पावसाळ्यात टॉर्चची मागची स्प्रिंग आणि झाकणाचे आटे ओलसर हवेने काळवंडले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर प्रकाश पूर्ववत झाला. दोष सेलचा नव्हता. चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणारा घेतला आहे आणि तो १ ॲम्पियरवरच ठेवतो. वेळ जास्त लागतो, पण सेल कोमट होण्यापलीकडे तापत नाही. घरी कोणी नसताना किंवा रात्री झोपेत मी चार्जिंग लावत नाही.

आता पुन्हा घ्यायचे झाले तर मी हेच सेल घेईन, मात्र जोडी एकाच वेळी आणि एकाच खेपेतील घेईन. ही जोडी थकली की टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात देणार आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकायची नाही.